नवा फोन घ्यावा का, हे जुन्या छायाचित्रांना विचारावे

सणासुदीच्या सवलतींच्या जाहिराती सुरू झाल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर एकच होतो : हातातला फोन नीट चालतो आहे, पण नव्याचा कॅमेरा फारच चांगला आहे असे सगळे सांगतात, तर बदल करावा का? या अंकासाठी त्यांतील काही पत्रे निवडली आहेत. फोनच्या किमती आणि ‘जुना द्या, नवा घ्या’ योजना सतत बदलत असल्याने उत्तरांत रकमा दिलेल्या नाहीत. कॅमेऱ्यात प्रत्यक्ष काय बदलले आणि त्याचा आपल्या छायाचित्रांवर काय परिणाम होईल, एवढ्यापुरतेच विवेचन मर्यादित ठेवले आहे.

प्रश्न : माझ्याकडे २०२२ मध्ये घेतलेला सॅमसंग गॅलॅक्सी एस-२२ आहे. तो देऊन एस-२५ घेण्याची योजना दुकानदाराने सुचवली आहे. मी मुख्यतः घरच्या मंडळींची आणि प्रवासातील छायाचित्रे काढतो. मध्ये तीन पिढ्या गेल्या, म्हणजे कॅमेऱ्यात बराच फरक पडला असणार, असे गृहीत धरावे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : असे गृहीत धरू नये, आणि त्यासाठी आपल्या फोनइतके नेमके उदाहरण दुसरे सापडणार नाही. एस-२२ च्या मागच्या बाजूस ५० मेगापिक्सेलचा मुख्य कॅमेरा (एफ १.८; हा आकडा जितका लहान, तितका भिंगातून अधिक प्रकाश येतो), अधिक रुंद दृश्य टिपणारा १२ मेगापिक्सेलचा अल्ट्रावाइड (एफ २.२) आणि तिप्पट झूमचा १० मेगापिक्सेलचा टेलिफोटो (एफ २.४) असे तीन कॅमेरे आहेत. एस-२५ चे माहितीपत्रक शेजारी ठेवून वाचले तर हेच आकडे त्याच क्रमाने आढळतील. मधल्या एस-२३ आणि एस-२४ मध्येही तेच होते. समोरचा कॅमेरा तेवढा एस-२३ पासून १० ऐवजी १२ मेगापिक्सेलचा झाला. थोडक्यात, आपण ज्या भिंगांतून आज छायाचित्रे काढता, जवळजवळ त्याच मापाच्या भिंगांसाठी पुन्हा पैसे मोजणार आहात.

दोन्ही फोनची छायाचित्रे हुबेहूब सारखी येतील, असा मात्र याचा अर्थ नव्हे. बटण एकदा दाबले तरी आजचा फोन एकापाठोपाठ अनेक चौकटी टिपतो, त्या एकमेकींवर जुळवतो, अंधाऱ्या भागातील खरखर कमी करतो, आकाश पांढरे पडू देत नाही आणि मग एकच छायाचित्र आपल्यापुढे ठेवतो. हे काम नवा प्रोसेसर अधिक वेगाने आणि अधिक बारकाईने करतो, त्यामुळे रात्रीच्या छायाचित्रांत आणि व्हिडिओत एस-२५ काहीसा सरस ठरतो. या प्रक्रियेचा वाटा किती मोठा असू शकतो, हे गूगलच्या पिक्सेल फोनांनी दाखवून दिले आहे. पिक्सेल-२ पासून पिक्सेल-५ पर्यंत मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर (भिंगातून आलेला प्रकाश टिपणारी चिप) जवळपास एकसारखाच, १२ मेगापिक्सेलचा होता, तरीही त्याची छायाचित्रे प्रत्येक पिढीत सुधारत गेली. आणि २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये ‘नाइट साइट’ ही रात्रीची सोय आली ती नव्या पिक्सेल-३ बरोबरच आधीच्या दोन पिढ्यांनाही अपडेटमधून, फुकट मिळाली. पुढे यूट्यूबवरील प्रसिद्ध परीक्षक मार्केस ब्राऊनली यांनी २०२२ मध्ये फोनची नावे झाकून प्रेक्षकांकडून मते मागवली, तेव्हा महागडे फोन मागे पडले आणि त्याच जुन्या पठडीतील सेन्सर असलेला, तुलनेने स्वस्त पिक्सेल-६ए पहिला आला.

म्हणून निर्णयाची सुरुवात दुकानातून नव्हे, तर आपल्या फोनमधील गॅलरीतून करावी. गेल्या वर्षभरातील अशी छायाचित्रे शोधावीत की जी आपल्याला हवी होती, पण बिघडली. ती हललेली आहेत, काळोखी आहेत, दुरून काढल्यामुळे अस्पष्ट आहेत, की चेहऱ्याचा रंग भलताच आला आहे, हे एकेक करून पाहावे. नाशिकच्या घाटावरील दुपारची छायाचित्रे उत्तम आणि घरातील रात्रीची थोडी खरखरीत, एवढीच तक्रार निघाली, तर केवळ कॅमेऱ्यासाठी हा बदल करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. तक्रार बॅटरीची असेल तर गोष्ट वेगळी. एस-२२ ची बॅटरी ३७०० एमएएच क्षमतेची, म्हणजे मुळातच बेताची होती आणि आता ती थकलीही असेल. एस-२५ मध्ये ती ४००० एमएएच आहे. पण अधिकृत सेवा केंद्रातून आहे त्या फोनची बॅटरी बदलून घेणे हा उपायही तपासून पाहावा. कंपनीने एस-२२ साठी पाच वर्षांच्या सुरक्षा अपडेटचे आश्वासन दिले होते आणि ती मुदत २०२७ च्या सुरुवातीस संपते. फोनवरून बँकेचे व्यवहार करणाऱ्याने बदलासाठी कॅमेऱ्यापेक्षा हे कारण अधिक महत्त्वाचे मानावे.

प्रश्न : माझ्या फोनचा कॅमेरा ५० मेगापिक्सेलचा आहे. आता २०० मेगापिक्सेलचे फोन मिळू लागले आहेत. चौपट तपशील मिळणार असेल तर बदलायला काय हरकत आहे? (एक वाचक, अकोला)

उत्तर : चौपट तपशील मिळणार नाही, हीच हरकत आहे. ५० मेगापिक्सेलचा फोन नेहमीच्या वापरात शेजारशेजारचे चार पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचे छायाचित्र देतो. २०० मेगापिक्सेलचा फोन सोळा पिक्सेल एकत्र करतो आणि त्याचेही उत्तर साडेबाराच येते. असे करण्याचे कारण असे की इतके पिक्सेल नखाएवढ्या जागेत बसवायचे म्हटल्यावर प्रत्येक पिक्सेल अतिशय लहान होतो. उदाहरणार्थ, गॅलॅक्सी एस-२३ अल्ट्राच्या २०० मेगापिक्सेल सेन्सरवरील एक पिक्सेल ०.६ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान आहे. एवढ्याशा पिक्सेलवर संध्याकाळनंतर पुरेसा प्रकाश पडत नाही, म्हणून फोन त्यांचे गट करून काम भागवतो. पूर्ण २०० मेगापिक्सेलचा पर्याय निवडता येतो, परंतु त्याचा उपयोग भर उन्हात, हात स्थिर असताना आणि पुढे छायाचित्राचा लहानसा भाग कापून मोठा करायचा असतानाच होतो. शिवाय एकेक फाइल भलतीच मोठी होऊन फोनमधील जागा भराभर संपते.

ही कल्पना नवीनही नाही. नोकियाने २०१२ मध्ये ‘८०८ प्युअरव्ह्यू’ हा ४१ मेगापिक्सेलचा फोन काढला, तेव्हाच त्यातून नेहमीसाठी पाच किंवा आठ मेगापिक्सेलचीच छायाचित्रे घ्यावीत अशी योजना होती, आणि ती छायाचित्रे त्या काळातील इतर फोनांपेक्षा फार सरस असत. त्याचे बरेचसे श्रेय आकड्याला नव्हे, तर मोठ्या सेन्सरला होते.

माहितीपत्रकात म्हणूनच मेगापिक्सेलपेक्षा सेन्सरचे माप शोधावे. ते १/१.३, १/१.५६, १/२.७६ अशा अपूर्णांकात दिलेले असते आणि खालची संख्या जितकी लहान, तितका सेन्सर मोठा. आज काही महागड्या फोनांत ‘एक इंची’ सेन्सर मिळतो, त्याचे प्रत्यक्ष माप साधारण १३ गुणिले १० मिलिमीटर असते. व्यावसायिक छायाचित्रकारांच्या फुलफ्रेम कॅमेऱ्यात ते ३६ गुणिले २४ मिलिमीटर असते. आपली गरजही मोजून पाहावी. सहा बाय चार इंचांची उत्तम छपाई दोन-सव्वादोन मेगापिक्सेलमध्ये होते, फोर-के टीव्हीचा संपूर्ण पडदा सव्वाआठ मेगापिक्सेलमध्ये भरतो आणि साडेबारा मेगापिक्सेलमधून साधारण तेरा बाय दहा इंचांची सुबक फ्रेम करता येते. याहून मोठे छायाचित्र आपण शेवटचे केव्हा छापून घेतले होते, हे आठवून पाहावे.

एक सावधगिरी मात्र बाळगावी : मध्यम किमतीच्या अनेक फोनांत १०८ किंवा २०० मेगापिक्सेलच्या मुख्य कॅमेऱ्याशेजारी दोन-दोन मेगापिक्सेलचे मॅक्रो (अगदी जवळच्या वस्तूंसाठी) आणि डेप्थ (अंतर मोजण्यासाठी) कॅमेरे बसवलेले असतात. ते केवळ मागच्या बाजूची वर्तुळे वाढवण्यासाठी आहेत असे समजून तुलनेत त्यांना शून्य गुण द्यावेत.

प्रश्न : मी आयफोन ११ वापरते. मुले म्हणतात, आता आयफोन १६ किंवा १७ घे. वरील विवेचनाप्रमाणे हाही खर्च अनाठायी ठरेल का? बहीण अमेरिकेतून येणार आहे, तिच्याकडून मागवावा का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही, इथे उत्तर उलट आहे. आयफोन ११ हा २०१९ चा फोन आहे आणि त्यानंतर मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर, भिंग आणि स्थिरता या तिन्ही गोष्टी खरोखर बदलल्या आहेत. आयफोन ११ मध्ये १.४ मायक्रॉनचे पिक्सेल आणि एफ १.८ चे भिंग आहे. आयफोन १६ मधील ४८ मेगापिक्सेलचा सेन्सर चार पिक्सेल एकत्र केल्यावर २ मायक्रॉनच्या पिक्सेलसारखा वागतो आणि त्याचे भिंग एफ १.६ चे आहे. क्षेत्रफळाने पिक्सेल दुप्पट झाला, भिंगातून सव्वापट प्रकाश येऊ लागला, म्हणजे दोन्ही मिळून प्रत्येक पिक्सेलला साधारण अडीचपट प्रकाश मिळतो. घरातील दिव्यात आपला फोन एका सेकंदाच्या पंधराव्या भागाइतका वेळ झडप (शटर) उघडी ठेवत असेल, तर नवा फोन तेच काम चाळिसाव्या भागात करू शकेल. याशिवाय हाताचा कंप सोसण्यासाठी सेन्सरच हलवण्याची सोय आयफोन १३ पासून मुख्य मालिकेतील सर्व मॉडेलांत आली आहे.

अल्ट्रावाइडमधील फरक याहूनही ठळक आहे. आपल्या फोनच्या अल्ट्रावाइडला फोकस बदलता येत नाही आणि रात्रीची सोय तर त्यात नाहीच. कार्यालयातील पंगतीचे किंवा दिवाणखान्यातील अख्ख्या कुटुंबाचे छायाचित्र काळपट आणि मळकट येते, ते त्यामुळेच. आयफोन १६ मध्ये या कॅमेऱ्याला ऑटोफोकस मिळाला, त्यामुळे अगदी जवळची वस्तूही टिपता येते. समोरच्या कॅमेऱ्याला ऑटोफोकस आयफोन १४ पासून आहे. आणखी एक लाभ जाहिरातीत फारसा सांगितला जात नाही, पण मला तो सर्वांत उपयोगी वाटतो : ४८ मेगापिक्सेलच्या मधल्या भागातून पूर्ण १२ मेगापिक्सेलचे दुप्पट झूमचे छायाचित्र मिळते. एकट्या व्यक्तीचे छायाचित्र काढताना मुख्य कॅमेरा तोंडाजवळ नेला की नाक मोठे आणि कान लहान दिसतात. दोन पावले मागे येऊन दुप्पट झूमने काढले की चेहरा जसा आहे तसा येतो.

आयफोन १७ मध्ये मुख्य कॅमेरा पुन्हा ४८ मेगापिक्सेलचाच आहे. अल्ट्रावाइड ४८ मेगापिक्सेलचा झाला आणि समोर १८ मेगापिक्सेलचा चौरस सेन्सर आला, त्यामुळे फोन उभा धरूनही आडवी, सगळे मावतील अशी सेल्फी घेता येते. आपण सेल्फी क्वचितच घेत असाल तर आयफोन १६ पुरेसा आहे. मात्र त्याची सुरुवात १२८ जीबीपासून होते आणि १७ ची २५६ जीबीपासून. सध्याच्या फोनमधील जागा जर आधीच संपत आली असेल तर हा फरक कॅमेऱ्याच्या फरकापेक्षा मोठा ठरेल. अमेरिकेतून मागवण्याबाबत एवढेच की तेथे विकल्या जाणाऱ्या आयफोनला १४ व्या पिढीपासून सिमकार्डाचा कप्पाच नसतो, ते केवळ ई-सिमवर चालतात. प्रत्यक्ष सिम या फोनमधून त्या फोनमध्ये घालण्याची आपल्याला सवय असेल तर तो फोन अडचणीचा वाटेल.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांच्या नाचाची छायाचित्रे हमखास हलतात, काहींवर आडवे काळे पट्टेही येतात. नवा फोन घेतल्यास ही अडचण दूर होईल का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : काही अंशी होईल, परंतु दुकानदार सांगतो तितकी नाही. इथे दोन वेगवेगळ्या हालचालींची गल्लत होते. फोनमधील ओआयएस ही छायाचित्र स्थिर ठेवण्याची सोय फक्त आपल्या हाताचा कंप रोखते. रंगमंचावरील मुलगी गिरकी घेत असेल तर तिची हालचाल ती थांबवू शकत नाही. रात्रीच्या मोडचाही उपयोग नाही, उलट अपायच होतो, कारण तो अधिक वेळ प्रकाश गोळा करतो आणि तेवढ्या वेळात मुले जागा बदलतात. नाच स्थिर टिपायचा तर झडप सेकंदाच्या साधारण अडीचशेव्या भागाइतकीच उघडावी लागते. मंद प्रकाशात फोन ती तिसाव्या भागापर्यंत उघडी ठेवतो, म्हणजे आपल्याला आठपट प्रकाशाची तूट भरून काढायची आहे. ठाण्याच्या वाचकांना पाच वर्षांच्या प्रगतीतून मिळणार होता तो लाभ अडीचपटीचा. उरलेली तूट फोनने नव्हे, छायाचित्र काढणाऱ्यानेच भरून काढायची असते.

ती कशी भरावी, हे सविस्तर सांगतो, कारण हे उपाय आपल्या आजच्या फोनवरही चालतील. पहिली गोष्ट म्हणजे झूम टाळून शक्य तितके पुढे बसावे. टेलिफोटो कॅमेऱ्याचा सेन्सर लहान आणि भिंग अधिक अरुंद असते. इतकेच नव्हे, तर प्रकाश कमी पडला की अनेक फोन आपल्याला न सांगता टेलिफोटो बाजूला ठेवतात आणि मुख्य कॅमेऱ्याचेच छायाचित्र कापून मोठे करून देतात. फ्लॅश बंद ठेवावा. फोनचा फ्लॅश दोन-तीन मीटरपलीकडे निरुपयोगी असतो आणि पुढच्या रांगेतील पालकांची डोकी तेवढी उजळतात. मग चेहऱ्यावर बोट टेकवून उजेड थोडा खाली ओढावा. रंगमंचाची पार्श्वभूमी काळी असते, ती उजळ करण्याच्या नादात फोन झडप जास्त वेळ उघडी ठेवतो आणि चेहरेही पांढरेफटक करतो. उजेड कमी केला की दोन्ही दोष एकदम कमी होतात. अँड्रॉइड फोनमध्ये प्रो मोड असल्यास झडपेचा वेग स्वतः ठरवता येतो. आयफोनच्या मूळ कॅमेऱ्यात ती सोय नाही, त्यासाठी वेगळे अ‍ॅप घ्यावे लागते.

नाचाला स्वतःची लय असते, हेही ध्यानात घ्यावे. उडी जिथे सर्वांत उंच पोचते किंवा तोड्याच्या शेवटी मुले जिथे क्षणभर थिजतात, तिथे हालचाल जवळजवळ थांबलेली असते. तालीम पाहिलेल्या शिक्षिकेला तो क्षण आधीच ठाऊक असतो आणि हा लाभ बाहेरून आणलेल्या छायाचित्रकारालाही नसतो. फोर-के व्हिडिओ घेऊन त्यातील एक चौकट वेगळी काढणे हाही चांगला उपाय आहे. ती सव्वाआठ मेगापिक्सेलची असते आणि शाळेच्या वार्षिक अंकासाठी पुरते.

पट्ट्यांचे कारण फोनमध्ये नसून दिव्यांत आहे. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने हलक्या प्रतीचे एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतात. फोनचा सेन्सर छायाचित्र एका दमात न टिपता ओळीओळीने टिपतो, त्यामुळे काही ओळी उजेडात तर काही अंधारात सापडतात. झडप शंभराव्या किंवा पन्नासाव्या भागावर ठेवली की पट्टे बहुधा नाहीसे होतात. हा वेग गिरकीसाठी कमी पडतो, हे खरे. समूहगीत आणि नाटुकल्यांसाठी तो ठेवावा आणि नाचासाठी मंचावरच्या साध्या दिव्यांची संख्या वाढवण्याची विनंती मंडपवाल्याला आधीच करावी. नव्या फोनपेक्षा दोन हॅलोजन स्वस्त पडतात.

प्रश्न : कोजागरीचा चंद्र शंभरपट झूमने टिपणारा फोन मित्राकडे पाहिला आणि थक्क झालो. मला खाडीकाठच्या पक्ष्यांचीही आवड आहे. असा फोन घ्यावा का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : चंद्रावरून फोन निवडू नये. मार्च २०२३ मध्ये रेडिट या संकेतस्थळावरील एका सदस्याने चंद्राचे मुद्दाम धूसर केलेले चित्र संगणकाच्या पडद्यावर लावून सॅमसंगच्या फोनने टिपले, तर मूळ चित्रात नसलेले डागही फोनने दाखवले. त्यावर बरीच चर्चा झाल्यानंतर, चंद्र ओळखून त्यातील तपशील अधिक स्पष्ट करण्याची प्रक्रिया आपल्या फोनमध्ये असल्याचे कंपनीने सविस्तर सांगितले. चंद्राची एकच बाजू सदैव पृथ्वीकडे असते, त्यामुळे त्याच्या बाबतीत ही युक्ती साधते. खंड्या पक्ष्याच्या पिसांच्या बाबतीत ती साधत नाही; तिथे फोन अंदाजाने रंग भरतो आणि जलरंगातल्यासारखे ओघळ दिसू लागतात.

झूमचा आकडा वाचताना भिंगाचा झूम आणि कापून मोठे केलेला झूम वेगळे ओळखावेत. गॅलॅक्सी एस-२३ अल्ट्रामध्ये दहापट झूमचे भिंग होते. एस-२४ अल्ट्रामध्ये ते काढून पाचपट झूमचे, पण ५० मेगापिक्सेलचे भिंग दिले. कागदावर हे पाऊल मागे टाकल्यासारखे दिसते, प्रत्यक्षात पाच ते दहा पटींच्या दरम्यान त्याचा लाभ झाला. पक्ष्यांसाठी मात्र हेही अपुरे आहे. पाचपट झूम म्हणजे कॅमेऱ्याच्या भाषेत साधारण १२० मिलिमीटरचे भिंग आणि पक्षी टिपणारे लोक ४०० मिलिमीटरच्या खाली क्वचितच उतरतात. छंद खरोखर वाढवायचा असेल तर आहे तो फोन ठेवावा आणि वापरलेला ब्रिज कॅमेरा (भिंग न बदलता येणारा, मोठ्या झूमचा कॅमेरा) शोधावा. निकॉनचा २०१५ मधील पी-९०० हा जुना कॅमेराही २००० मिलिमीटरपर्यंत पोचतो, आणि त्यातून दिसणारा चंद्र खरा असतो.

प्रश्न : कास पठारावरील बारीक फुलांसाठी मॅक्रो कॅमेरा असलेला फोन घ्यायचा आहे. काय पाहावे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : वेगळा मॅक्रो कॅमेरा नको, ऑटोफोकस असलेला अल्ट्रावाइड पाहावा. तो नसेल तर मुख्य कॅमेरा हातभर अंतरावर धरून दुप्पट झूमने काढावे. सीतेची आसवे ही फुले नखाएवढी असली तरी ती दाट गालिच्यासारखी उगवत असल्याने असे छायाचित्र उलट अधिक बोलके येते. फोन फुलाला टेकवण्यात दुसरा तोटा असा की त्याचीच सावली फुलावर पडते. आणि ठरावीक वाटेच्या बाहेर पाऊल टाकून काढलेले छायाचित्र कितीही सुंदर असले तरी त्यापायी आजूबाजूची रोपे तुडवली गेलेली असतात.

प्रश्न : दुकानात दोन फोनच्या कॅमेऱ्यांची तुलना नेमकी कशी करावी? (एक वाचक, पुणे)

उत्तर : दुकानातील झगमगाटात कोणताही फोन चांगलेच छायाचित्र काढतो, म्हणून तिथला सर्वांत वाईट प्रकाश शोधावा. टेबलाखाली ठेवलेली काळी पिशवी, काचेच्या दारापुढे पाठमोऱ्या उजेडात उभी असलेली सोबतची व्यक्ती आणि चालत येणारा माणूस अशी तीन छायाचित्रे आपला जुना फोन धरून सर्व फोनांवर काढावीत. जुना फोन या तुलनेत असलाच पाहिजे. दोन नव्या फोनांपैकी सरस कोणता, हा आपला प्रश्न नसून आपल्या फोनपेक्षा तो किती सरस, हा आहे. सावळ्या आणि गोऱ्या वर्णाच्या दोन व्यक्ती एकाच चौकटीत घ्याव्यात. सावळा चेहरा उगाच उजळवून गोरा करणारा फोन मी तरी बाद ठरवीन.

महत्त्वाचा नियम असा की निकाल त्या त्या फोनच्या पडद्यावर पाहू नये. नव्या फोनचा पडदा अधिक प्रखर असतो आणि त्यावर स्वतःची छायाचित्रे आणखी झळाळून दाखवण्याची सोय असते. तेच छायाचित्र दुसऱ्याकडे पाठवले की ती झळाळी ओसरते. क्विक शेअर किंवा एअरड्रॉपने सर्व छायाचित्रे एका फोनवर घ्यावीत आणि कोणते कशाचे हे माहीत नसलेल्या माणसाकडून निवडून घ्यावीत. त्यातही अधिक उजळ छायाचित्राकडे मन आपोआप ओढले जाते, तेव्हा दोन्हींचा उजेड सारखा करून पुन्हा विचारावे. परीक्षणसंस्थांचे एकत्रित गुण वाचण्यास हरकत नाही, पण त्यांत झूम, व्हिडिओ, सेल्फी असे सर्व काही एकत्र मिसळलेले असते आणि आपल्याला बहुधा त्यांतील एकाच गोष्टीशी कर्तव्य असते.

प्रश्न : माझ्या दोन वर्षांच्या फोनची छायाचित्रे हल्ली धुरकट दिसतात आणि दिव्यांभोवती रेघा येतात. मुलाच्या नव्या फोनमधून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलीही तितकीशी स्पष्ट नसतात. दोष कशाचा? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : हे दोन वेगळे दोष आहेत आणि दोन्हींसाठी नवा फोन लागत नाही. कॅमेऱ्यावर जर दुकानातून चिकटवलेली संरक्षक काच असेल तर ती काढून टाकावी. तिच्या आणि मूळ काचेच्या मधल्या फटीत धूळ आणि दमट हवेतील ओल साचते आणि दिव्यांच्या रेघा बहुधा तिथूनच येतात. त्यानंतर भिंगावरील बोटांचा तेलकटपणा स्वच्छ, मऊ सुती कापडाने पुसून त्याच दिव्याचे छायाचित्र पुन्हा काढून पाहावे. मूळ काचेलाच चरे पडले असतील तर सेवा केंद्रातून तेवढी काच बदलून घेता येते का, ते विचारावे. मुलाच्या छायाचित्रांचे म्हणाल, तर व्हॉट्सअ‍ॅप ती पाठवताना लहान करते. पाठवण्यापूर्वी २०२३ पासून मिळणारा एचडी पर्याय निवडण्यास त्याला सांगावे, किंवा ती डॉक्युमेंट म्हणून पाठवण्यास सांगावे, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी येईल.